मीटर खोटं बोलतं

१० जानेवारी १९९३
ही डायरी बियाणेवाल्यानं ह्यांना दिली. ह्यांना लिहायला काय आहे? म्या घेतली. चौथी शिकले, पण ह्या घरात चौथीएवढं डोकं दुसऱ्या कोणाला न्हाई.
ह्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरनं गाडी चालवणं बंद सांगितलं. ड्रायव्हर पुंजारामाला म्या काल काढून टाकलं. मेला गाडी अशी पळवायचा की देवाचं नाव घ्यायलाबी टाइम भेटायचा न्हाई. शिकवलं त्यानंच, पण म्हणून काय झालं? आजपासून अँबेसिडर म्या चालवणार.
सासऱ्याच्या टायमाची गाडी आहे. भावकीतला एकूण एक नवरदेव हिच्यातच बसून गेला. मे महिन्यात पुतण्याचं, काकासाहेबाचं लग्न आहे. तोबी हिच्यातच जाईल. स्टेअरिंगवर म्या.

१२ जानेवारी
फाट्यापर्यंत नेली. टॉप गिअर टाकला. पदर उडाला, कान बंद झाले. साठ तर असणारच. मीटर पाहिलं तर काटा विसावर. थरथर करून राह्यलाय, पुढं सरकायचं नाव न्हाई.
ह्यांना दाखवलं. हे म्हणले, बराबर दाखवतंय, तुळजा. ऑपरेशन झालेला माणूस, त्याला मीटर दिसतं म्हणे!
मीटर खराब आहे. आठ दिवसांत दुरुस्त करते.

१५ जानेवारी
मीटरवर बुक्की मारली. काटा तिसाला शिवला अन परत खाली. म्हणजे अंगात दम आहे, कामचुकार आहे नुसता. ह्या घरातल्या बाकीच्यांसारखा.

२० जानेवारी
थोरली जाऊ आल्ती. उषाबाई. नवरदेवाची आई म्हणून आत्ताच मान वर करून चालून राह्यली. म्हणली, काकासाहेबाला भोकरदनहून जीप सांगावी म्हणते, तुळजाबाई, तुमची गाडी म्हातारी झाली. म्हणलं, गाडी म्हातारी असंल, चालवणारी न्हाई. तर तोंडाला पदर लावून हसली. वरचे दोन दात पडलेत, ते झाकायला लावत असंल.
ती गेल्यावर हे म्हणले, एक काम कर. लग्नाला नवरदेव टायमावर पोचवला तर गाडी राहील. न्हाई पोचवला तर विकून टाकू.
म्हणलं, चालंल.
म्हणजे विकायचं कारणच न्हाई. फक्त मीटर तेवढं.

२८ जानेवारी
हे म्हणतात, गिअरबॉक्सातून एक केबल वर मीटरात जाते, ती फिरली की काटा फिरतो. म्हणलं मंग ती सुकली असणार. आपल्या गुडघ्यासारखीच. मीटरच्या मागची चकती फिरवून केबल काढली अन एरंडेल ओतलं. भरपूर ओतलं. कंजूषपणा आपल्याला जमत न्हाई.

२९ जानेवारी
एरंडेल वर चढून काचेत आलं. काटा तेलात. शून्यावर चिकटला. आता मीटरच्या मते म्या गाडी चालवते तवा गाडी उभी असते. ह्याहून मोठा पुरावा काय पाहिजे?
येताना पुंजाराम सायकलवर भेटला, काढून टाकलेला. फाट्यापासून गावापर्यंत खिडकीला लागून बोलत आला. काकू, क्लच अर्धा दाबून ठेवू नका. काकू, रेस द्या. काकू, लेकरं बरी हायेत का. सायकल एवढी जोरात चालते का? दरवाजाला धरून आला असणार. फुकट्या.

९ फेब्रुवारी
भोकरदन. मेकॅनिक रखमाजी. बोलायच्या आधी पान थुंकतो, बोलून झाल्यावरबी. मीटर उघडलं, तेल पुसलं. पुसताना नाक धरून बसला, जसं काय याच्या घरी अत्तर वाहतं. नवी केबल टाकली. म्हणला, बसा तुळजाबाई, चक्कर मारून दाखवतो. त्यानं चालवली तर काटा साठावर. म्या डोळे मिटले व्हते, पण साठावर व्हता, त्यानं माझा खांदा हलवून दाखवला.
मंग म्या चालवली. वीस.
म्हणजे आता कळलं. मीटर माणूस पाहून दाखवतं. बाईमाणूस दिसलं की वीस.
रखमाजी म्हणला, बाई, पाय दाबा. म्हणलं, पाय माझा आहे, किती दाबायचा ते म्या पाहीन.

३ मार्च
ह्यांनी कटकट लावली की रस्त्याच्या दगडांवर मोजू. किलोमीटरचा दगड आला की घड्याळ बघायचं, पुढचा आला की परत बघायचं. हे बाजूला काळा चष्मा लावून, मांडीवर घड्याळ. मोजलं अन म्हणले, दगडबी वीसच म्हणतात.
घरी येऊन चहा टाकला. मंग ध्यानात आलं. ठेकेदारानं मधले दगड खाल्ले असणार. मोजायला कोण उतरतंय? दगड लांब लांब लावले की गाडी स्लो दिसणारच. ह्यांना एवढं साधं कळत न्हाई. मॅट्रिक झालेत म्हणे.

१९ मार्च
आज मागून एस्टी आली. हॉर्न मारून पुढं गेली. मंग ट्रॅक्टर. मंग चाऱ्याची बैलगाडी, पण ती उतारावर, उतार धरायचा न्हाई. एस्टीवाले तर सरकारी डिझेल जाळतात, त्यांना काय. ह्या रस्त्यावर शिस्तीनं चालवणारी म्या एकटी उरले.

११ एप्रिल
परत रखमाजी. आज त्याला बोलूच दिलं न्हाई. म्हणलं, काटा काढ. माझ्या हातात गाडी साठानं जाते, वीस दाखवते. मंग काटा चाळीसनं पुढं बसव. हिशेब सोपा आहे.
त्यानं पान थुंकलं. म्हणला, गाडी उभी असली तरी चाळीस दाखवंल. म्हणलं, उभ्या गाडीचं मीटर कोण पाहतो?
बसवला. रस्त्यावर आणली. साठ! बिलकुल साठ!
जे त्याला दोन महिन्यांत जमलं न्हाई ते म्या एका वाक्यात केलं. रखमाजीनं हात जोडले. जोडायलाच पाहिजेत.

२ मे
लग्नाची पत्रिका आली. मुलीचा बाप तातेराव मास्तर, जालन्यापलीकडं अंबड रोडला गाव. खाली छापलंय, लग्न टायमावर लागेल. हे सगळेच छापतात. आपल्याकडं नवरदेव मारोतीला जातो, तिथून मांडवापर्यंत पोरं नाचतात, मुहूर्त गेल्यावर अक्षता. तरी म्या साठाच्या हिशेबानं निघायचा टाइम ठरवला. उषाबाई म्हणली, जरा लवकर निघू. म्हणलं, मीटर तुम्ही दुरुस्त केलं का म्या?
तरीबी जीप सांगितलीच तिनं. म्हणे मागं राहील, बायांसाठी.

१६ मे, लग्नाचा दिवस, दुपार
निघालो. पुढं माझी गाडी, फुलं लावलेली. मागच्या शिटावर काकासाहेब, बाशिंग बांधून. माझ्या बाजूला हे. मागं उषाबाईची जीप, त्याच्यामागं वऱ्हाडाचा टेम्पो, दोन ट्रॅक्टर. आमच्याकडं नवरदेवाच्या गाडीच्या पुढं कोणी जात न्हाई. अपशकुन असतो.
मीटर साठ. बराबर साठ.
मागून हॉर्न सुरू झाले. म्हणलं, कसे खुशीत आहेत बघा. हे म्हणले, खुशीत न्हाईत. टेम्पोतून पोरं उतरली, गाडीच्या बाजूनं चालत आली, बोनेटवर हात मारून नाचली, परत चालत टेम्पोत बसली. जवान पोरं आहेत, पायात ताकद असते.
काकासाहेब मागून म्हणला, काकू, मास्तर लई कडक आहेत हो. म्हणलं, नवरदेवानं घाबरायचं नसतं.

त्याच दिवशी, संध्याकाळ
राजूरला गणपतीपुढं नारळ फोडायला थांबलो. काकासाहेब म्हणला, काकू, दर्शन घेऊन आलो. दर्शन घेतलं अन सरळ आईच्या जीपमधी जाऊन बसला. म्या चावी फिरवेपर्यंत जीप भुर्रकन पुढं. नवरदेव जीपमधी, म्हणजे नवरदेवाची गाडी आता जीप! तिच्या मागून टेम्पो, दोन ट्रॅक्टर, सगळे माझ्या बाजूनं गेले. अपशकुन सुटला एकदम. शेवटच्या ट्रॅक्टरवरून पुंजारामानं हात केला. त्याला कोणी बोलावलं व्हतं?
ह्यांच्याकडं पाहिलं. काळा चष्मा व्हता, समजलंबी न्हाई डोळे उघडे का मिटलेले.
मांडवात पोचलो तवा सनईवाला सनई कपड्यात गुंडाळून राह्यला व्हता. लग्न टायमावर लागलं. ह्या मास्तरलाच कशी अवदसा आठवली? मास्तर हात जोडून म्हणले, या विहीणबाई, तुमचं ताट झाकून ठेवलंय. भात गार, बुंदी चिकटलेली. नवरी पाया पडायला आली. चेहरा गंभीर ठेवला व्हता पोरीनं, पण खांदे हलून राह्यले व्हते.
नवरी जीपमधी गेली. उषाबाई म्हणली, तुम्ही या आरामात.

१७ मे
दोष दर्शनाचा. राजूरला थांबलो नसतो तर गाठलं असतं. हे म्हणले, चाळीस वजा कर, तुळजा. काय वजा करू? जे खरं आहे ते खरं आहे.

३० मे
गाडी विकली. अंकुशनगरकडचा माणूस आला, मिशा मोठ्या, बोलणं थोडं. म्या सांगितलं, मीटर म्या स्वतः करून घेतलंय, बिलकुल बराबर आहे, साठ दाखवतं. तो बरं म्हणला अन बसला.
म्या ओट्यावर उभी राह्यले, वळणापर्यंत पाहावी म्हणून. पदर नीट केला अन वर पाहिलं तर रस्ता मोकळा. नुसती धूळ.
एवढी पळवतात का म्हाताऱ्या गाडीला? मीटरकडं पाहिलंबी नसंल त्यानं.