मुठीची भाजी

बाबा, आज बाजारात आपल्या समाजाचे अध्यक्ष माझ्या दुकानापाशी आले आणि भाव न विचारता उभे राहिले. तेव्हाच मी समजले. म्हणाले, "ताई, रविवारी बैठक हाय, अमरावतीले, आपल्या बोर्डिंगात. या तुमी. तुमच्याच विषयावर हाय." मी म्हटलं, "विषय इथंच सांगा ना. बैठकीत का मले लाडू देऊन राहिले?" इकडंतिकडं पाहून ते हळूच बोलले, "मुठीची भाजी कमी येऊन राहिली. आचारी सांगते, पोतं अर्धंच असते म्हणून." एवढं बोलून निघून गेले. शेजारची सांभारवाली ऐकतच होती. कोथिंबिरीच्या जुड्यांवर पाणी मारता मारता, माझ्याकडे न पाहता ती म्हणाली, "बापानं वाहिलं, पोरीनं खाल्लं." मी कुणाचं ऐकून घेणारी बाई नाही, हे अख्ख्या अकोल्याच्या भाजीबाजाराला माहीत आहे. तरी मी तराजूची पारडी पुसत राहिले. दुपारी बाजार ओस पडल्यावर तराजूमागं बसून हे लिहायला घेतलं. चौथीनंतर मी हिशोबाशिवाय काही लिहिलेलं नाही, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नका.

मूठ तुम्हीच सुरू केली. शनिवारी संध्याकाळी तुम्ही रिकामं टोपलं घेऊन ओळीनं फिरायचे आणि आपल्या समाजाचा प्रत्येक भाजीवाला त्यात एकेक मूठ टाकायचा. कुणाची दोन वांगी, कुणाची मेथीची जुडी, कुणाची ओंजळभर गवार. पैशाची वर्गणी मागितली की माणूस तोंड फिरवतो, भाजी मागितली की हात आपसूक टोपल्याकडे जातो, असं तुम्ही म्हणायचे. रविवारी पहाटे ते सगळं पोत्यात भरून पहिल्या यष्टीनं तुम्ही अमरावतीला जाणार, आणि समाजाची गरीब पोरं बोर्डिंगात फुकट जेवून शिकणार. मी सात-आठ वर्षांची असेन, टोपल्यातलं एक गाजर उचलून चावलं होतं मी. तुम्ही ते माझ्या तोंडातून काढलं, धुतलं आणि चावलेलं तसंच परत टाकलं. "मुठीतलं आपलं नसते," म्हणाले. मारलं नाही. मारलं असतं तर विसरले असते. मग तुम्ही समाजाच्या कामाला फिरायला लागले तसं दुकानावर कुणीतरी पाहिजे झालं, आणि तुम्ही मला शाळेतून उठवलं. तेव्हा ते बोर्डिंग फक्त पोरांचं होतं, आताही तेच आहे. लोकांची पोरं शिकावी म्हणून तुमची पोरगी तराजूमागं बसली, बाबा. जिवंतपणी तुम्हाला म्हटलं नाही, आता म्हणते.

तुम्ही गेल्यावर टोपलं घेशील का असं मला कुणी विचारलंच नाही. तेरवी झाली आणि पुढच्या शनिवारी लोक आपल्या सवयीनं माझ्यापुढं मूठ आणून टाकायला लागले. मी काय, नको म्हणणार होते? तेव्हापासून ते पोतं माझ्या डोक्यावर आहे. एवढंच की आता बायांना अर्धं तिकीट झालं.

तुमचं नातवंड तुम्ही पाहिलं नाही. पोरगा झाला म्हणून आम्ही पेढे वाटले होते. शिकण्यात हुशार निघालं, अमरावतीला फार्मसीला लागलं, बोर्डिंगात राहायला गेलं. मी छाती काढून पोतं वाहायची तेव्हा. आईची मूठ आपल्याच लेकराच्या ताटात पडून राहिली, याच्यापेक्षा काय पाहिजे? मग तिथली पोरं चालण्यावरून, बोलण्यावरून चिडवायला लागली. वॉर्डनला वाटलं वाढवलेले केस म्हणजे फॅशन. म्हणाला, केस काप नाहीतर खोली सोड. दिवाळीत घरी आलं. मी तव्यासमोर बसलेली. दारात उभं राहून म्हणालं, "आई, मी पोरगी हाय. लहानपणापासून. तुले कसं सांगू समजत नव्हतं." मी म्हटलं, "बाजूले हो, भाकर जळून राहिली." भाकर जळत नव्हती. तुमच्या जावयानं आतल्या खोलीतून ऐकलं आणि टीव्हीचा आवाज वाढवला. तो अजून कमी झालेला नाही. आमच्या घरात आता सगळं मोठ्यानं चालते, बोलणं सोडून.

तिनं बोर्डिंग सोडलं. बाजारात कुणी विचारलं तर मी सांगून टाकलं, बोर्डिंगचं जेवण मानवत नाही म्हणून. म्हणजे तुमच्याच मुठीला नाव ठेवलं मी.

ती अमरावतीलाच एका भाड्याच्या घरात राहते. तिच्यासारख्याच पोरी, आणि पोरांवर जीव लावणारी पोरं, पोरींवर जीव लावणाऱ्या पोरी, असे घरातून निघालेले सातआठ जण तिथं शिकतात. त्यांच्यातलेच जे नोकरीला लागले, कुणी बँकेत, कुणाचं पार्लर, ते दर महिन्याला थोडंथोडं टाकतात आणि फिया भरतात. एक म्हातारी तृतीयपंथी बाई घर सांभाळते. ती आयुष्यभर बाजारात दुकानोदुकानी मागून जगली आणि आता पोट्ट्यांच्या कॉलेजच्या पावत्या जपते. महिन्यातून एकदा आईबापांची सभा घेतात. पोरीनं फार धरलं म्हणून मी एकदा पोतं घेऊनच तिथं गेले. अंजनगावचा एक बाप भिंतीकडं तोंड करून बसला होता. तिवश्याची एक आई पदर तोंडात धरून रडत होती. एक तरुण डॉक्टरीण चित्रं दाखवून सांगत होती की हा रोग नाही, लाड नाही, भूतबाधा नाही, तुमची चूक नाही. तासभर सांगितलं. मला मधेच राहवलं नाही. मी म्हटलं, "समजलं बाई. रोग नाही हे एका बोलण्यात समजलं. आता हे लेकरं जेवतात काय ते सांगा." सगळे हसले, तो भिंतीकडं तोंड केलेलाही हसला. म्हातारी म्हणाली, "आलू, माय. सकाळी आलूचा रस्सा, संध्याकाळी आलूची सुकी. बदल म्हणून कदी उकडलेले."

मी स्वयंपाकघरात जाऊन पाहिलं. आलूच होते. मग मी पोत्याचं तोंड सोडलं आणि तिथंच फरशीवर अर्धी भाजी ओतली. विचार केला नाही. समाजानं समाजाच्या शिकणाऱ्या लेकराला दिलेली मूठ आहे, आणि माझं लेकरू समाजाचंच आहे, शिकतेच आहे, मग चोरी कुठं झाली? असं मी यष्टीत बसल्यावर मनात जुळवलं. तेव्हापासून दर रविवारी अर्धं तिथं, अर्धं बोर्डिंगात.

त्या म्हातारीसारख्या बाया आपल्या बाजारात मागायला यायच्या तेव्हा तुम्ही वांगं त्यांच्या हातात द्यायचे नाही, खाली जमिनीवर ठेवायचे. मी विचारलं होतं, "खाली काहून ठेवता?" तुम्ही म्हणाले होते, "गिऱ्हाईक पाह्य तू." तिच्या हातचा चहा पिताना मला ते आठवत होतं. तिला ते माहीत असणार. असे किती बाजार तिनं पाहिले.

आता रविवार आला. गेले नाही तर चोर ठरते. गेले आणि गप्प राहिले तरी चोर. मूठ बंद करते म्हटलं तर काहून, ते सांगावं लागेल. खरं सांगितलं तर मी चोर नाही, पण मग मी काय आहे आणि माझं लेकरू काय आहे, हे त्या बैठकीत माझ्याच तोंडानं सांगावं लागेल, आणि सोमवारी याच सांभारवालीच्या शेजारी बसावं लागेल. अख्ख्या बाजाराशी भांडणारी बाई मी, अन् मला पळायला एक बोळ नाही.

मघाशी पोरीला फोन केला. म्हणाली, "सांगून टाक ना, आई. तुले काहून चोर म्हणतील माझ्यापायी?"

"तुमचं ते घर जाईन. समाजाचे लोक येऊन तमाशा करतीन तिथं."

"घरमालकिणीले सगळं माईत हाय. तिनं तर मले तिची जुनी साडी देल्ली."

"कॉलेजात?"

"कॉलेजात मी ड्रेस घालूनच जातो... जाते. परीक्षेच्या वेळी म्याडम माझ्या बाजूनं बोलल्या. आई, आता फक्त तुयाच बाजारात माईत नाही."

"जास्त शहाणी नको होऊ. अभ्यास पाह्य," म्हटलं आणि फोन ठेवला.

मी ठरवलं आहे, बाबा. रविवारी बैठकीत उभी राहून म्हणणार, अर्धी भाजी मी विकली. घर चालत नव्हतं, विकली. लोक दोन दिवस बोलतील, टोपलं काढून घेतील, तुमच्या फोटोला दर वर्षी घालतात तो हार कदाचित घालणार नाहीत. तुमचं नाव जाईल, ते मला कळते. लेकराला झाकायसाठी आईनं तोहमत अंगावर घेतली, असं तुम्हाला लिहायला मी बसले होते. पण आता झाकायचं काय उरलं, ते तिनं फोनवर सांगितलंच. तिला माझ्या गप्प राहण्याची गरज नाही. मलाच आहे. हे पत्र पाठवायची सोय नाही तेच बरं. तुम्ही जिवंत असते आणि समोर येऊन विचारलं असतं, तर तुम्हालाही मी 'मुठीतली वांगी विकली' असंच सांगितलं असतं.