आईची बोली

नानजिंग, १५ मार्च

दादा,

नमस्कार. तुझी कंबर कशी आहे? वहिनी बांबूचे कोंब खुडायला डोंगरावर जाऊ लागली असेल. इकडे थंडी ओसरली. माझा यू-हांग आता माझ्याहून उंच झालाय. सहा वर्षांनी लिहितेय, तेही फोन करायचा धीर होत नाही म्हणून.

दादा, आई गेली. आज एकवीस दिवस झाले. थोरल्या मुलाने करायचं ते सगळं मीच उरकलं, तुला न कळवता.

बाबांच्या मागे मी तिला इकडे आणायला निघाले, तेव्हा तू म्हणाला होतास, "शहरात तिची बोली कुणाला कळणार? मुकी होईल ती." मी फणकारले, "मी आहे ना!" पण सातव्या वर्षीच शहरात मावशीकडे आलेली मी. मला तरी ती बोली कुठे येत होती? वर तिलाच बजावलं, "यू-हांगसमोर गावठी बोलू नकोस, शाळेत त्याला हसतात." मग ती टीव्हीपुढे बसून शहरी भाषेतली तीन-चार वाक्यं शिकली. 'जेवलात का?' 'बाहेर गार आहे.' 'माझ्यामुळे त्रास नको.' एवढ्यावर तिने सहा वर्षं काढली. मला वाटायचं, म्हातारी शहाणी झाली.

मेंदूचा झटका आला आणि ती वाक्यंही पुसली गेली. दवाखान्यात चार दिवस ती आपल्या बोलीत एकच काहीतरी म्हणत होती, अगदी अजिजीने. मी पाणी पाजलं, दुलई पांघरली, उशी बदलली. ती मान हलवून पुन्हा तेच म्हणायची.

चौथ्या दिवशी सकाळी फरशी पुसायला एक नवी बाई आली. ती आपल्याच डोंगराकडची. आईचं बोलणं ऐकून थबकली आणि तिच्याशी बोलू लागली. दादा, आईचा चेहरा असा उजळला!

बाईने मला विचारलं, "तुम्ही कोण यांच्या?"

"मुलगी."

"अगंबाई! त्यांना तर तुम्ही घरमालकीण वाटताय. म्हणताहेत, फार दिवस पाहुणचार केलात, आता मला घरी पोचवा. माझा मुलगा वाट बघत असेल."

फोन माझ्या हातातच होता. तुझा नंबर लावून तिच्या कानाशी धरला असता, तर तुझा आवाज तरी तिला मिळाला असता. नाही लावला. ती घरी न्या म्हणून गयावया करतेय, हे तुझ्या कानावर पडायला नको होतं मला. दुपारी ती गेली.

छिंगमिंगला पितरांच्या थडग्यांवर जायचं असतं, त्याआधी आईच्या अस्थी घेऊन येतेय. बाबांशेजारी ठेवू. गेलेल्या माणसाला वाटेत प्रत्येक पुलावर हाक मारून सांगावं लागतं, नाहीतर त्याचा आत्मा पुलाच्या अलीकडेच राहतो. नानजिंगपासून आपल्या गावापर्यंत पूल किती, तुला ठाऊक आहे. माझ्या भाषेतली हाक तिला कळायची नाही.

'आई, पूल आला, जपून ये' हे आपल्या बोलीत कसं म्हणतात, तेवढं लिहून पाठव. मला शिव्या घालायच्या असतील तर त्या मी आल्यावर घाल.

तुझी बहीण म्हणवून घ्यायची लाज वाटणारी,
सू-छिन