सहा नंबरचा डबा

सांगली,
श्रावण वद्य ३, शके १८९७

ती. सौ. चारुशीलाताईंच्या दोन्ही चरणी (प्लॅस्टरमधल्या आणि प्लॅस्टरबाहेरच्या) नरहरीचा, कंबर जेवढी वाकू देईल तेवढा वाकून, नमस्कार.

तुमचा पाय कसा आहे? वाईच्या घाटाच्या पायऱ्यांना पावसाळ्यात शेवाळ धरतं हे आम्हाला सांगलीत बसून ठाऊक, आणि तुम्ही तिथे जन्म काढून घसरलात याचं इकडे सर्वांना फार वाईट वाटलं. प्लॅस्टरच्या आत खाज सुटत असल्यास विणकामाची सुई घालू नये, ती आत राहते. आमच्या कचेरीतल्या एका गृहस्थांची राहिली होती. उमा तुमच्या सेवेला येऊन आज सव्वा महिना झाला. बहिणीनं बहिणीला अडीअडचणीला उपयोगी पडायचंच, त्याबद्दल माझी मुळीच तक्रार नाही, हे आधी स्पष्ट करतो. (खाली तक्रारीसारखं काही आढळल्यास ती तक्रार समजू नये.) इकडे अण्णा सुखरूप आहेत. बहात्तराव्या वर्षीही दोन्ही वेळा जेवतात आणि सकाळी कृष्णेचं पाणी किती चढलं ते स्वतः बघून येतात. मी मात्र फार दिवसांचा सोबती नाही.

कारण सांगतो. जाताना उमानं मला बजावलं होतं की, पावसात भाजी आणायला धावू नका, वैशाखात गच्चीवर वाळवलेलं सगळं डब्यांत भरून ठेवलं आहे, मूठभर काढायचं, गरम पाण्यात भिजवायचं, फोडणीला टाकायचं. चौदा डबे, सगळे डालड्याचे, आणि प्रत्येकाच्या कडीला एकेक चिंधी बांधलेली. कुठे लाल काठ, कुठे माझ्या जुन्या पायजम्याची नाडी, कुठे परकराचा तुकडा. ताई, मी अकरा वर्षं रेकॉर्ड रूममध्ये काढली आहेत. एकोणीसशे दोन सालचा फेरफार मी डोळे मिटून काढून देतो. असा मनुष्य आपल्या स्वयंपाकघरात चिंध्या कशा सहन करील? उमाची गाडी हलली त्याच दिवशी मी सगळ्या चिंध्या सोडून बंबात घातल्या, डबे पुसले, उंचीप्रमाणे ओळीनं लावले आणि ठसठशीत अक्षरांत एक ते चौदा नंबरांच्या चिठ्ठ्या डकवल्या. इतकी सुंदर मांडणी आमच्या कचेरीतही नाही. लांब उभा राहून मी ती पाच मिनिटं बघत होतो. त्या चिंध्या म्हणजेच उमाची यादी होती, हे मला दुसऱ्या दिवशी पोटात कावळे कोकलू लागल्यावर कळलं.

वाळलेली भाजी तुम्ही कधी नीट निरखून पाहिली आहे का? गवार काय, भेंडी काय, दुधी काय, वाळली की सगळ्यांची एकच जात. मी रोज नशीब काढल्यासारखा एक नंबर काढू लागलो. अकरा नंबरची आमटी केली, ती घमघमीत झाली. अण्णा म्हणाले, उटण्याचा वास येतो. बरोबरच होतं. त्या डब्यात उमानं अंघोळीसाठी वाळवलेली संत्र्याची सालं निघाली. चार नंबर दोन तास शिजवला तरी शिजेना, तो अजून एका पातेल्यात आहे. सहा नंबर मात्र पहिल्याच दिवशी उतरला! काळपट फोडी, मऊसूत शिजल्या, दाण्याचं कूट आणि सांगलीचा गूळ घातला आणि अण्णांनी ताट चाटूनपुसून लख्ख केलं. आई गेल्यापासून मी त्यांना तिसऱ्यांदा वाढून घेताना पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते स्वतःहून म्हणाले, “कालचीच कर.” मग रोज सहा नंबर. मला वाटलं, भोपळा असेल. माझी छाती फुगून दोन इंच वाढली. मी कचेरीत आमच्या दादासो शिपायाला कृती सांगू लागलो.

नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी भांडीवाल्या साळूबाईंनी कढई घासायला घेतली, बुडाला चिकटलेलं बी नखानं काढलं आणि माझ्याकडे अशा काही नजरेनं पाहिलं की मला वाटलं माझ्या डोक्यावर पालच पडली. म्हणाल्या, “आवं साहेब, ह्ये तर वांगं हाय! म्हाताऱ्यास्नी चातुर्मासात वांगं घालताय व्हय?”

ताई, तुम्हाला आमच्या घरची ही हकिगत बहुधा ठाऊक नाही. मी सात वर्षांचा असताना मुदतीच्या तापानं आटोपत आलो होतो. तेव्हा अण्णांनी देवापुढे उभं राहून सांगितलं की पोर वाचलं तर जन्मभर चातुर्मासात वांग्याला शिवणार नाही. लोक चातुर्मासात वांगं सोडतात त्यात विशेष काही नाही, पण अण्णांना वांगं म्हणजे जीव की प्राण. सकाळी भरलं, संध्याकाळी भरीत, असा मनुष्य. त्यांनी चोवीस वर्षं नेम पाळला आणि मी चोवीस वर्षं जगलो. आता हिशेब सरळ आहे. ज्या वांग्यावर माझा जीव टांगला होता, ते मीच भिजवून, शिजवून, वर कोथिंबीर पेरून त्यांना खाऊ घातलं. तेही चौदा दिवस. त्याच संध्याकाळपासून माझी डावी पापणी उडते आहे.

शेजारच्या विष्णुपंतांना पंचांगातलं कळतं म्हणून त्यांच्याकडे गेलो. (मित्राच्या घरची गोष्ट म्हणून विचारलं. ते म्हणाले, “अण्णांना कळलं का?”) त्यांनी बराच विचार करून सांगितलं की, घाबरू नकोस, वांगं वैशाखात कापलं, वैशाखात वाळलं, म्हणजे त्याचं जे काय व्हायचं ते वैशाखातच झालं, चातुर्मासाचा त्याच्याशी संबंध नाही. मी आनंदानं चपला घालतोय तोच त्यांनी परत बोलावलं. म्हणाले, “पण तू ते पाण्यात भिजवलंस ना? फुगलं ना? म्हणजे त्याला पुनर्जन्म मिळाला, आणि तो नेमका चातुर्मासात.” न भिजवता खाल्लं असतं तर चाललं असतं, असा त्यांचा निर्णय आहे. प्रायश्चित्त म्हणून त्यांनी मला रोज एकशे आठ सूर्यनमस्कार सांगितले. कंबर धरली आहे ती त्यामुळे.

तुम्ही म्हणाल, मग सहा नंबर बंद का करत नाही? केला होता. तीन नंबर वाढला, तर अण्णा अर्ध्या पोळीवर उठले. बाजारातून ताजं पडवळ आणलं, तर म्हणाले, घरात वाळवण असताना पैसे का उधळतोस. दुसऱ्या दिवशी त्यांना चक्कर आली. (म्हणजे ते म्हणाले, आली. मी पाहिलं तेव्हा ते खुर्चीवर वर्तमानपत्र वाचत होते.) आता वाढलं तर मी जातो आणि न वाढलं तर अण्णा जातात. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. खरं सांगायचं तर भीती मरणाची कमी वाटते, अण्णांना कळण्याची जास्त. ज्या माणसानं माझ्यासाठी चोवीस वर्षं जीभ आवरली, त्याला कोणत्या तोंडानं सांगू? दुसरी एखादी भाजी तरी त्यांना आवडेल म्हणून मी सगळ्या डब्यांतली चिमूट-चिमूट पुड्यांत बांधून कचेरीत नेली आणि ओळख पटवायला सगळ्यांना चाखायला दिली. आठ नंबरवर तीन मतं कारल्याला पडली, दोन भेंडीला आणि दादासो म्हणाला, “ह्यो पट्टा हाय, चपलंचा.” तेव्हापासून आठ नंबर उघडलेला नाही. मी रेकॉर्ड रूमच्या किल्ल्यांची यादी करून ठेवली आहे, म्हणजे माझ्यामागे कुणाची अडचण होणार नाही.

बाकी सर्व क्षेम. मोठ्यांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद. पाय उशीवर ठेवत जावा.

आपला नम्र,
नरहरी

ता. क. – पत्र पायाच्या चौकशीसाठीच होतं. पण विषय निघालाच आहे तर, उमाला या आठवड्यात पाठवून देता येईल का? एका पायावर माणसाचं पुष्कळ भागतं. आमच्या मारुतीच्या देवळातला पुजारी तर वर्षानुवर्षं कुबडीवर सगळं करतो.

दु. ता. क. – चिंध्यांबद्दल उमाला कळू देऊ नका. वांग्याबद्दलही नको. अण्णांना सुनेची फार आठवण येते, असं सांगा.

चि. सौ. चारुशीला हिस अनेक आशीर्वाद. नरहरीनं पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलं. वडिलांनी वाचल्याशिवाय या घरातून पत्र जात नाही, हे तो विसरला. वांगं मला पहिल्याच घासाला कळलं. बाळ, वांगं मला कळणार नाही? घास तोंडात तसाच धरून मी त्याच्याकडे पाहिलं. सातव्या वर्षी ज्याला चमच्यानं पेज पाजली तर ओठांतून बाहेर यायची, तो पोरगा घामाघूम होऊन, हाताला चटका बसलेला, मला विचारत होता, “अण्णा, जमलंय का?” ज्याच्यासाठी सोडलं त्यानंच रांधून वाढलं, तर ताटावरून उठू कसा? देवाशी माझं बोलणं झालं आहे, त्याची हरकत नाही. नरहरीला यातलं काही कळवू नये. सूर्यनमस्कारांनी त्याचं पोट उतरतं आहे. आणि उमाला कार्तिकीपर्यंत तिकडेच ठेवून घ्यावं. ती आली की तो चुलीपुढे फिरकायचा नाही. तुझा पाय त्याआधी बरा झाल्यास कोणापाशी बोलू नये.