आधी तुमची हळद

इंदिरानगर, नाशिक
५ जानेवारी १९८६

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

आईच्या डोळ्याचं इथलं ऑपरेशन नीट झालं, पट्टी निघाली. आता ती रस्त्यावरच्या बायकांची लुगडी लांबून पाहते आणि नावं ठेवते.

माझं आणि चंदरचं लग्न मात्र मामांनी अडवलंय. आईबापांची हळद लागल्याशिवाय पोरीची लावायची नाही, म्हणतात. तेव्हा ऐपत नव्हती म्हणून तुम्ही दोघांनी तसाच संसार मांडलात, हळद राहूनच गेली. आईला विचारलं तर म्हणते, आता या वयात कशाला, मी इथं बरी आहे, घरात नळ आहे. तिकडं परत जायचं नावच काढत नाही. तुम्हीच काय ते बघा.

आशीर्वाद असावा, माया आहेच ती वाढावी.
आपली भागी

सुरगाणा
१३ जानेवारी

चि. भागीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आल्यापासून कशात लक्ष लागत नाही. भाकरी करपते. घर खायला उठतं. दोनदा जीपच्या थांब्यावर जाऊन परत आलो. तिला यायचंच नसेल तर?

मी तिला कधी विचारलंच नव्हतं. डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन ती चालली होती. मी मोळी घेतली आणि ती माझ्या मागं आली, एवढंच. तुझ्या लग्नाचं राहू दे, मलाच ती हवी आहे. हे तिला वाचून दाखव. नको, दाखवू नको.

बापाला विसरू नये.
बारकू

इंदिरानगर
२० जानेवारी

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

वाचून दाखवलं. त्यानंतर दोन दिवस ती माझ्यावरच चिडचिड करत होती. आज सकाळी पिशवी भरून मामांच्या गावी गेली. नवरदेवाच्या लेकीच्या घरी बसून कुणी मागणी घेत नाही, म्हणाली. विचारायचं असेल तर भावाच्या दारात यावं. हो म्हणशील का, असं विचारलं, तर आधी येऊ दे म्हणाली. माझाही जीव टांगणीला लागलाय. शर्टाची बटणं लावून जा.

कळवायला उशीर न व्हावा.
आपली भागी

सुरगाणा
२७ जानेवारी

चि. भागीस अनेक आशीर्वाद.

जाऊन आलो. तुझ्या मामानं मला परक्यासारखं ओट्यावर बसवलं. पाणी घेऊन तुझी आई, फुलाच आली. डोळा नीट झाल्यावर तिनं मला पहिल्यांदाच पाहिलं. बघतच राहिली. मग म्हणाली, लय म्हातारा झालास. मला वाटलं, संपलं. तरी विचारलं, येशील का.

ती परसात गेली, लाकडाची मोळी आणून माझ्यापुढं टाकली आणि पदर खोचून उभी राहिली.

हळदीपर्यंत तिला तिथंच राहायचं आहे, म्हणून मोळी घेऊन एकटाच निघालो. पण गावाच्या शिवेपर्यंत मागं पावलं वाजत होती. मी वळून पाहिलं नाही.

तुमची तारीख आमच्यानंतरची धरा.
तुझा बाप आणि आता नवरदेव,
बारकू