जाहिरात संपेपर्यंत

केप कोस्ट
बुधवार, ११ जून २०२५

चि. कोजो यास,
अ. आ. वि. वि.

काल, मंगळवार दिनांक १० जून रोजी, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी तुझ्या काकांच्या तोंडचा घास नव्हे, शब्द काढून घेतला गेला. वेळ मी घड्याळात पाहून लिहिली आहे. फोनवर तू ‘बघतो मावशी’ म्हणतोस आणि बघत नाहीस, म्हणून हे पत्र कुमासीच्या बसच्या ड्रायव्हरच्या हाती पाठवते आहे.

ज्या माणसाने बत्तीस वर्षं रेडिओवर फान्टी भाषेतून बातम्या दिल्या, ज्याचा आवाज ऐकून कोळणी घड्याळ लावायच्या, तो जानेवारीच्या अठ्ठावीस तारखेला पक्षाघाताचा झटका आल्यापासून मुका आहे, हे तुला मी सांगायला नको. तू लॅपटॉपवर ते शब्दांचं पान लावून दिलंस. चित्र दिसतं, बाई शब्द म्हणते, मग थांबते, आणि त्या थांबण्यात काकांनी तो म्हणायचा. साडेचार महिन्यांत अकरा शब्द आले. त्यात केंके आहे, म्हणजे त्यांचा रोजचा मक्याचा उंडा, मासा आहे, माझं नाव नाही. नवरे असेच.

काल लॅपटॉप उघडला तर वर पट्टी: जाहिराती अडवणारं तुझं ते साधन ब्राउझर आता चालू देत नाही, बंद केलं आहे. कोणी विचारलं होतं? लगेच एक माणूस फुटबॉलवर पैज लावा म्हणून ओरडू लागला. काकांनी बोट वर करून ओठांवर ठेवलं आणि गप्प बसले. मी संतापून झाकण आपटलं. दिवसभर एक शब्द नाही.

वाचा-उपचाराच्या अंपिया बाईंनी बजावलंय, काय परत यायचं ते बहुतेक पहिल्या सहा महिन्यांत येतं. म्हणजे २८ जुलै. तेव्हा काय ते लवकर लिही.

आशीर्वाद आहेत, पण रागावलेले.
तुझी फिलोमिना मावशी

*

कुमासी
रविवार, १५ जून

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र ड्रायव्हरने मला सगळ्या स्टँडसमोर दिलं आणि वर विचारलं, काय रे, काय गुन्हा केलास? मावशी, गुन्हा माझा नाही. ब्राउझरवाल्यांनी जुन्या धर्तीची सगळी जोड-साधनं एका फटक्यात बंद केली. जगभर लोक बोंबलताहेत. तू मात्र एकटीच वेळ लिहून ठेवणारी.

आता तीन वाटा आहेत. एक, त्याच साधनाची नवी, हलकी आवृत्ती घे. थोडं कमी अडवते, पण प्रामाणिक आहे. दोन, ब्राउझरच बदल. जुनं साधन अजून चालू देणारा एक आहे. तीन, तुझ्या ज्या फोनवरून इंटरनेट येतं तिथेच गाळणी बसवायची.

तू पहिली वाट धर. नाव सोबतच्या चिठ्ठीवर लिहिलंय. शोधल्यावर सगळ्यात वर जे येईल ते घेऊ नकोस, ती स्वतःच जाहिरात असते. भरपूर तारे दिसले म्हणून भाळू नकोस.

काकांना नमस्कार. तुझा राग ओसरला की सुकी मासळी पाठव.
तुझा कोजो

*

केप कोस्ट
मंगळवार, २४ जून

चि. कोजो यास,
अ. आ. वि. वि.

मी तुझं ऐकलं नाही. कबूल करते, म्हणजे तू पुढचं पत्र मला उपदेश करण्यात घालवणार नाहीस.

तुझ्या चिठ्ठीतलं साधन शोधताना दुसरं एक दिसलं. त्यावर लिहिलं होतं की ते असभ्य जाहिराती अडवतं आणि सभ्य तेवढ्या येऊ देतं. मला ते पटलं. मिशनच्या शाळेत सिस्टर बेनेडिक्टाच्या हाताखाली वाढलेल्या मुलीला आणखी काय पटणार? लावलं. आता कळलं की सभ्य म्हणजे ज्याने त्यांचे हात ओले केले तो. पैजवाल्याने केले आहेत. तो आता ओरडत नाही, गोड बोलतो, एवढाच फरक.

तो दिसला की काका पुन्हा बोट वर करतात, मलाही गप्प करतात. परवा चर्चच्या बायका भेटायला आल्या होत्या, त्यांनाही गप्प केलं! मिसेस क्वान्सा मला बाजूला घेऊन म्हणाली की बाई, डोकंही गेलं का गं. मी तिला सांगितलं की त्यांचं अर्धं गेलेलं डोकं तुझ्या अख्ख्यापेक्षा बरं आहे. पण ती गेल्यावर मी न्हाणीघरात जाऊन रडले.

अकराचे सात शब्द झाले. तू ये. सभ्य जाहिरात, असभ्य जाहिरात, मला काही नको. एकूण एक बंद कर.

वाट पाहते.
फि. मावशी

*

कुमासी
मंगळवार, १ जुलै

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

रविवारी तुझ्याकडून निघताना तू झोपली होतीस म्हणून राहिलेलं लिहितो. तिहेरी बंदोबस्त एकदम केला आहे: नवा ब्राउझर, त्यात जुनं साधन, शिवाय फोनवर गाळणी. तुझं ते सभ्य प्रकरण काढून टाकलं. सगळ्यावर कुलूप घातलंय, तू पुन्हा काही निवडू नयेस म्हणून. रागावू नकोस. आता त्या पानावर मुंगीसुद्धा शिरणार नाही.

काका माझ्याकडे बघून हसले, मला पुरलं. शब्द येतील.
तुझा कोजो

*

केप कोस्ट
शनिवार, १२ जुलै

चि. कोजो यास,
अ. आ. वि. वि.

तुझं कुलूप उत्तम आहे. तेरा दिवस एकही जाहिरात आली नाही आणि एकही शब्द आला नाही. सात होते, तेही गेले. काका सकाळी नऊला पानासमोर नीट बसतात, सदरा घालून, बोट वर करून. बाई शब्द म्हणते, थांबते, पुढे जाते. ते वाट पाहत राहतात. दहा वाजता बोट खाली येतं.

कशाची वाट, ते मला गुरुवारी कळलं. रेडिओवरचे त्यांचे जुने तंत्रज्ञ, एग्यीर, भेटायला आले. पाच मिनिटं बघत बसले, मग म्हणाले की वहिनी, हे जाहिरात संपायची वाट बघताहेत. स्टुडिओत जाहिरात चालू असली की बोट वर, कोणी श्वासही मोठ्याने घ्यायचा नाही; ती संपली की बोट खाली आणि अमिसासाहेबांचा आवाज. बत्तीस वर्षं रोज नऊला हेच. आधी पान कोरं होतं तेव्हा ते पान होतं. पैजवाला बोलला आणि त्यांच्या लेखी तो स्टुडिओ झाला. आता जाहिरात झाल्याशिवाय बोलायचं नाही.

कोजो, १० जूनला तो माणूस ओरडून थांबला, तेव्हा काकांचं बोट खाली आलं होतं. त्यांनी छाती भरून श्वास घेतला होता. मी पाहिलं, आणि झाकण आपटलं. त्यानंतरही जाहिरात आली की मी दर वेळी ती संपायच्या आत पान बंद केलं. एकदाही शेवटपर्यंत चालू दिली नाही. ते काय बोलले असते, मला माहीत नाही. कदाचित काहीच नाही. अंपिया बाई म्हणतात, असं काही त्या सांगू शकत नाहीत, आणि आता दिवसही थोडे राहिलेत.

मी रेडिओ लावून पाहिला. आपल्या वेळेला दुसऱ्याचा आवाज ऐकला की ते भिंतीकडे तोंड करतात. मी स्वतः समोर उभी राहून साबणाची जाहिरात म्हणून दाखवली, चौसष्टाव्या वर्षी. त्यांनी माझा हात थोपटला. नवा ब्राउझर बंद करून जुना उघडला, तरी जाहिरात येत नाही. गाळणी फोनवर आहे, ती कुठे आहे सापडत नाही, सापडली तर कुलूप तुझं.

तेव्हा मला त्या एका पानापुरता, फक्त त्या पानापुरता, तो पैजवाला परत हवा आहे. ओरडणारा असेल तरी चालेल. तिन्ही अडसर कसे काढायचे, कुलपाचे आकडे कोणते, हे पायरीपायरीने, मोठ्या अक्षरात, कागदावर लिही. फोन करू नकोस; मी बोलू शकणार नाही, आणि या घरात न बोलणारं एक माणूस पुरे. ‘बघतो’ लिहू नकोस. जमत नसेल तर जमत नाही असं लिही, खाली सही कर.

लेखी उत्तर शुक्रवार, दिनांक १८ जुलै, संध्याकाळी पाचच्या आत माझ्या हातात पडलं पाहिजे. त्या दिवशी मी साडेतीनपासून बसस्टँडवर उभी असेन.

फिलोमिना अबा अमिसा