चार बोटं आत

बाबा, तुमच्या सायकलचं हॅन्डल शेवटी आज निघालं. तीन दिवस लागले. आईने ती सायकल आमच्या सोसायटीच्या वॉचमनकाकांना द्यायचं ठरवलं. ते बुटके, म्हणून हॅन्डल जरा खाली करून द्यायचं, एवढंच काम. पण बावीस वर्षं कोणी न चालवलेली सायकल, हॅन्डलचा दांडा खालच्या नळीत असा गंजून बसला होता की हलेचना. प्रताप नगरातला मेकॅनिक म्हणाला, "ठेवून जा ना ताई, काढून ठेवतो." मी ठेवून गेले नाही. ऑफिसात रजा टाकली आणि तिन्ही दिवस त्याच्या दुकानापुढे स्टुलावर बसून राहिले, कारण तो दांडा किती आत आहे हे माझ्याआधी दुसऱ्या कोणी पाहायला नको होतं.

तुमची पाठ दुखायला लागली होती तेव्हाची गोष्ट. वाकून चालवणं जमेना म्हणून हॅन्डल वर घ्यायचं होतं आणि तुम्ही ते काम मला सांगितलंत. तुम्ही टेक्निकल शाळेत फिटिंग शिकवायचात, पण घरात तुमची विद्यार्थिनी मी एकटीच. नियम तुमचाच होता: आधी दांडा पूर्ण बाहेर काढायचा, मोजून खूण करायची, आणि काही झालं तरी चार बोटं नळीच्या आत ठेवायची. नुसता बोल्ट ढिला करून वर ओढणं म्हणजे आळशाचा कारभार. मी नेमका तोच कारभार केला. परीक्षा तोंडावर होती, हात ग्रीसने भरवून घ्यायचे नव्हते. ओढलं वर आणि बोल्ट कचकचून आवळला. तुम्ही घरातून विचारलंत, "चार बोटं आत हाये ना वं? मोजलं ना?" मी म्हटलं, "हो बाबा." एकदा वायसर उलटा बसवला म्हणून पाहुण्यांसमोर मला झापलं होतंत, माझ्या हातचा साधा नटसुद्धा तुम्ही तपासायचात. त्या दिवशी मात्र बाहेर आलात, काहीच न तपासता सीटवर हात ठेवलात आणि म्हणालात, "आता तुले येते." मला इतका आनंद झाला की खरं सांगायचं राहूनच गेलं.

आठ-नऊ दिवसांनी शाळेत जाताना तुम्ही उतारावर पडलात आणि पुन्हा उठला नाहीत. समोर गाडी नव्हती, रस्त्यात खड्डा नव्हता. पानठेलेवाला म्हणाला, सायकल लडखडली आणि साहेब डोक्यावरच पडले. चक्कर आली असेल, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं, कारण तुम्ही उपाशी होतात. सकाळी सिलिंडरवरून आईशी वाजलं होतं आणि तुम्ही फोडणीची पोळी तशीच ठेवून उठला होतात. आई तेव्हापासून तेच धरून बसली आहे. भाजी निवडताना, सणाचं ताट वाढताना, मध्येच थांबते. "मी काहून तोंड लावलं वं त्यायच्यासंग? दोन घास खाऊन गेले असते तं पडले नसते." दर वेळी मी म्हणते, "नाही वं आई." पुढचं वाक्य माझ्याजवळ होतं, पण खात्री नव्हती, आणि खात्री नाही हीच माझी पळवाट होती. दांडा आत होता तोवर मी निर्दोष असू शकत होते. खरं सांगते, मला त्याची सवय झाली होती.

पहिल्या दिवशी मेकॅनिकने नळीत तेल सोडलं आणि आम्ही वाट पाहिली. दुसऱ्या दिवशी वरचा बोल्ट फिरवायला गेला तर त्याचं डोकंच तुटून पान्यात आलं. "आता काय ताई, कापून टाकू काय? आतला तुकडा ड्रिलनं भुगा करून काढतो." माझ्या तोंडात 'हो' आलंच होतं. भुगा झाला की मोजायला काही उरणार नव्हतं. मी म्हटलं, "कापू नका. अख्खा पाहिजे." तो म्हणाला, "काहून? जुनं लोखंडच तं हाये." मी स्टूल आणखी जवळ ओढलं.

आज तो तुटलेल्या बोल्टवर सळई ठेवतो आणि हातोडी मारतो. चौथ्या-पाचव्या घावाला दांड्याला आतून घट्ट धरणारा गुटका सुटून खाली पडतो. मग पुढचं चाक काढून ते धरणारा चिमटा वाइसच्या पकडीत आवळतो, नळीवर शेगडीवरचं उकळतं पाणी घालतो आणि हॅन्डल धरून पिळतो. दांडा किंचाळतो, थांबतो, पुन्हा किंचाळतो. मी उठून उभी आहे. माझी नजर त्याच्या हातावर आहे आणि मनात एकच चाललंय, अजून येऊ दे, अजून येऊ दे, लांब असू दे. दांडा लगेच संपतो. सुटून त्याच्या हातात येतो. आत कुठवर होता त्याची गंजाची खूण स्पष्ट दिसते. मी बोटं लावते. दोन बोटं बाबा, तिसरं बसत नाही.

मेकॅनिकने नळीत टॉर्च मारला. वरच्या आट्यांपाशी नळी फाटली होती, आणि त्या फटीतही गंज होता, जुना, काळा. "हे पहा, वरच्यावर आवळलं म्हणून नळी फाकली. हॅन्डल पुरं हालत असन तेव्हा. कोणी चढवलं एवढं?" मी म्हटलं, "मी." बावीस वर्षांत पहिल्यांदा म्हटलं, आणि ते एका अनोळखी माणसाला. तो हात पुसत हसला. "नशीब समजा ताई, कोणी पडलं नाही."

घरी आले तेव्हापासून लिहिते आहे. आईने दोनदा आतून विचारलं, "निघालं काय वं हॅन्डल?" मी दोन्ही वेळा नुसतं "हो" म्हटलं. तुम्ही पडलात ते उपाशी होतात म्हणून नाही, हे तिला आजच सांगायला हवं. ती आता बहात्तरची आहे, उद्यावर टाकण्यासारखं हे काम नाही. आधी तुमच्याशी बोलावं म्हणून कागद घेतला, असं मी स्वतःला समजावलं होतं, पण ते खरं नाही. तुम्ही काही बोलणार नाही हे मला माहीत आहे, म्हणून तुम्हाला लिहिते आहे. भीती मला आईची वाटते, बाबा.