सासू-सुनेचं रीळ

१७ नोव्हेंबर १९६४

आज टाकळीत आमच्या सरकारी शिनेमाच्या गाडीचा खेळ रंगला! काय रंगला! जनरेटर आधी रुसलाच होता. आमच्या गाडीचे ड्रायव्हर डोमाजीभाऊ, त्यायनं त्याले मनसोक्त शिव्या घातल्या, तवा कुठं सुरू झाला. पहिले हात धुवायचं रीळ लावलं. लोक जांभया देऊन राह्यले. मग नवं आलेलं — सासू-सुनेचं. माणसाचं मन कसं चालते ते घरातल्या कटकटीतून दाखवलं आहे. सासू सुनेले काहून छळते? तर तिले भेव वाटते, पोरगा हातचा जाईन म्हणून. फिल्म झकास, पण बोलणं सगळं जड हिंदी. टाकळीत ते कोणाच्या डोक्यात शिरते? मी नेहमीसारखा आवाज बंद केला आन माइक हातात घेतला. साहेबायले माहीत नाही. माहीत झालं तरी काय करतीन? जहीरसारखा बोलणारा जिल्ह्यात दुसरा दाखवा म्हणा!

फिल्ममधली सासू नुसती कपाट उघडते आन बंद करते. मी म्हटलं, "पाहा, पाहा! तेलाच्या बाटलीले काजळाची रेघ मारून ठेवली हिनं! सुनेनं थेंबभर जास्त घेतलं का सापडली!" बायकायच्या बाजूनं असा हशा उठला का डोमाजीभाऊ गाडीतून खाली उतरून पाहू लागले.

मी फिल्म पाहत नाही, तोंडं पाहतो. पडद्यावरचा उजेड लोकायच्या तोंडावर पडते, कोणाले काय लागलं ते सगळं दिसते. माणूस ओळखणं हे आपलं काम.

१९ नोव्हेंबर

दिग्रसच्या रस्त्यात गाडी बंद. दिवस गेला पाण्यात.

२४ नोव्हेंबर

लफडं झालं!

महागावच्या बाजारात टाकळीचे ग्रामसेवक भेटले. म्हणे, "काय बोलून गेले बाप्पा तुमी त्या दिवशी!" टाकळीत तुळसाबाई म्हणून आहे. ती खरंच तेलाच्या बाटलीले रेघ मारते! खेळ सुटला तशी घरी गेली आन सुनेवर तुटून पडली — "आपल्या घरातलं सरकारी गाडीवाल्याले कोणं सांगतलं? तूनंच!" सून, रुखमा नाव, आता माहेरी आहे. "हाकलून देली" असं बुढी सगळ्या गावाले सांगत फिरते. नवरा, उकंडा नाव, तोंड पाडून बसला आहे.

त्या पोरीले मी कधी पाह्यलंबी नाही! मी मजेत बोललो आन तिचं घर मोडलं.

रेघ सुचली कुठून? आमच्याच घरून. अम्मी मारते. लहानपणापासून पाहतो.

२५ नोव्हेंबर

डोमाजीभाऊ म्हणतात, "जहीर, गुमान बस. लोकायच्या चुलीत कायले फुंकतं?"

नाही बसणार. जे बोलून मोडलं ते बोलूनच जोडतो. दोन हप्त्यात रुखमा टाकळीत नसली तर माइक सोडून देईन!

३० नोव्हेंबर

टाकळीले परत गेलतो. तेच रीळ लावलं. तुळसाबाई मागं कडूनिंबाखाली, पदर तोंडावर. कपाट आलं तसा मी माइकवर म्हटलं, "तेलाच्या बाटलीची रेघ कोणाच्या घरची आहे सांगू? माह्या! दिग्रसची बिस्मिल्लाबी, माही माय, ती मारते! मले कोणं सांगतलं नाही, मी डोळ्यानं पाह्यली!"

मग एक म्हातारी खुदकन हसली — "आमच्याबी घरी मारतो गा!" मग दुसरी. मग तिसरी म्हणे, "मी तर गुळाच्या ढेपेले खूण करतो." काय हसल्या बाया! जिले तिले वाटत होतं का आपणच एकटी अशी. हे फिल्ममध्ये नाही बरं का. हे आपण शोधून काढलं.

खेळ सुटल्यावर तुळसाबाई गाडीजवळ आली. "खरंच तुही माय मारते, बाबू?"

"अल्लाची कसम, मावशी."

"मंग सुनेनं नाही सांगतलं?"

"मी तिले ओळखतबी नाही!"

बुढी रडलीच. म्हणे, "घर खायले उठते रे." मी म्हटलं, "मंग जाऊन घेऊन ये ना सुनेले!"

४ डिसेंबर

रुखमाच्या माहेरी जाऊन आलो. बाप भला माणूस. खाटेवर बसवलं, चहा पाजला. मी सगळं समजावून सांगतलं — पोरीची चूक नाही, सासू पस्तावली, न्यायले येऊन राह्यली. चांगला अर्धा घंटा बोललो. बाप म्हणे, "सरकारी माणूस घरापर्यंत आला, आता आमी नाही कसं म्हणावं?"

रुखमा दारात उभी होती. एक शब्द बोलली नाही. लाजली असन. तिच्याशी बोलायची गरजच पडली नाही, बाप एका झटक्यात हो म्हणाला.

८ डिसेंबर

गेली! तुळसाबाई उकंड्याले घेऊन स्वतः गेली, सुनेले लुगडं नेलं, बैलगाडीत बसवून घरी आणलं. ग्रामसेवकानं महागावात आल्या आल्या सांगतलं. डोमाजीभाऊले पेढे खाऊ घातले. खाल्ले मुकाट्यानं! साहेबायले म्हणतो आता, नव्या पोरायले शिकवायचं असलं तर माह्याकडे पाठवा.

अम्मीलेबी सांगतलं. तिनं पहिले कान धरला — "मेरा नाम माइकपे लिया?" — मग हसत सुटली.

१९ डिसेंबर

महागावच्या बाजारात रुखमा भेटली. मीच हाक मारली, "काय ताई, सगळं बरं ना?" तुळसाबाई पलीकडं मिरच्या घेत होती. रुखमानं तिकडं एकदा पाह्यलं आन हळूच बोलली —

"मले कोणं हाकललं नव्हतं, भाऊ. तुमचा खेळ पाह्यला आन मीच निघून गेलती. सून सोडून गेली असं बुढी गावाले कसं सांगन? म्हणून हाकलली म्हणे. लई वर्षांनी हिंमत झालती. तुमी बापाले येऊन समजावलं, आन मले परत यावं लागलं."